रजोनिवृत्तीनंतर हाडांसाठी पूरक गोळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळी गेल्यावर हाडं एवढी झपाट्याने का झिजतात?

हाडात आयुष्यभर मोडतोड आणि बांधकाम शेजारी शेजारी चालू असतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड खरवडून काढतात आणि ऑस्टिओब्लास्ट त्या खड्ड्यात नवं हाड भरतात. खरवडणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेनचा लगाम असतो. पाळी जाता जाता इस्ट्रोजेन घटतं, लगाम सुटतो, खड्डे जास्त आणि खोल पडू लागतात आणि भरणा मागे पडतो. शेवटच्या पाळीच्या साधारण वर्षभर आधीपासून झीज वेग घेते आणि नंतरची दोन-तीन वर्षं ती सर्वांत जास्त असते. या काळात मणक्यातली घनता वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास घटते, खुब्यातली त्याहून थोडी कमी. पुढे वेग मंदावतो, पण झीज चालूच राहते.

आता गोळ्यांचा मुद्दा. ही झीज कॅल्शियम कमी पडल्यामुळे सुरू झालेली नसते, त्यामुळे निव्वळ कॅल्शियम देऊन ती थांबत नाही. आहारात कॅल्शियम कमी असेल तर मात्र तिच्यात भर पडते, कारण रक्तातली कॅल्शियमची पातळी टिकवायला पॅराथायरॉइड ग्रंथी हाडातून उचल करायला लावते. गोळी ही उचल टाळते. तिचं काम एवढंच, आणि ते कुणाला लागू आहे हे आधी पाहावं लागतं.

मग गोळ्यांनी फ्रॅक्चर टळतात की नाही?

कुणाला दिल्या यावर उत्तर ठरतं. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या अभ्यासात वृद्धांच्या निवासांत राहणाऱ्या ३,२७० स्त्रिया होत्या, सरासरी वय ८४. त्यांच्या जेवणातून दिवसाला जेमतेम ५०० मि.ग्रॅ. कॅल्शियम मिळत होतं आणि व्हिटॅमिन डी खूपच कमी होतं. त्यांना रोज १,२०० मि.ग्रॅ. कॅल्शियम आणि ८०० युनिट व्हिटॅमिन डी दिलं. दीड वर्षात, अभ्यास पूर्ण करणाऱ्यांमध्ये, खुब्याची फ्रॅक्चर ४३ टक्क्यांनी कमी झाली.

अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'चे आकडे २००६ मध्ये आले. रजोनिवृत्ती झालेल्या ३६,२८२ स्त्रिया, रोज १,००० मि.ग्रॅ. कॅल्शियम आणि ४०० युनिट डी, साधारण सात वर्षं. खुब्याची घनता तुलनेने १.०६ टक्क्यांनी जास्त राहिली. खुब्याची फ्रॅक्चर १२ टक्क्यांनी कमी दिसली, पण हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान होता. मुतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले. या स्त्रियांना गोळ्यांआधीच रोज हजाराच्या वर कॅल्शियम मिळत होतं. भरलेल्या हंड्यात पाणी ओतलं की ते बाहेरच सांडणार.

व्हिटॅमिन डीचंही असंच. २०२२ मध्ये 'व्हायटल' या अभ्यासातले फ्रॅक्चरचे निष्कर्ष आले: २५,८७१ स्त्री-पुरुष, रोज २,००० युनिट, पाच वर्षांहून अधिक काळ, आणि फ्रॅक्चरमध्ये काहीही फरक नाही. डी कमी आहे म्हणून निवडलेली ही माणसं नव्हती; बहुतेकांची पातळी आधीच पुरेशी होती.

म्हणून "कोणती गोळी चांगली" हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न, मला कमी काय पडतंय आणि किती.

दिवसाला कॅल्शियम किती लागतं?

अमेरिकेत ५० वर्षांवरच्या स्त्रियांसाठी १,२०० मि.ग्रॅ. सांगतात, युरोपीय यंत्रणा ९५० वर थांबते आणि ब्रिटनमध्ये ७०० पुरेसं मानतात. एवढी तफावत पाहून गोंधळायचं कारण नाही. १,००० ते १,२०० च्या दरम्यान राहिलात तर बरोबर जागी आहात. ७०० च्या खाली असाल तर भर घालायलाच हवी.

हा आकडा आहार आणि गोळ्या मिळून आहे. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो: १,२०० वाचून लोक तेवढ्याच्या गोळ्या घेतात, वर जेवणातलं ८०० पोटात जातं आणि बेरीज २,००० वर पोचते. या वयात २,००० ही सुरक्षित मानलेली वरची मर्यादा आहे.

आहारातून किती मिळतं हे घरी कसं मोजायचं?

तीन साध्या दिवसांची नोंद करा. सणावाराचा किंवा प्रवासाचा दिवस घेऊ नका. प्रत्येक दिवसाला आधी २५० ते ३०० मि.ग्रॅ. धरून टाका, धान्यं, भाज्या, डाळी, फळं यांतून एवढं सहसा मिळतं. त्यावर ठळक पदार्थ मिळवा: २५० मि.लि. दूध म्हणजे सुमारे ३००, २०० ग्रॅम दही साधारण २४०, ३० ग्रॅम घट्ट चीज २०० च्या आसपास, काट्यांसकट खाल्लेले १०० ग्रॅम सार्डिन जवळपास ३८०. सोयाबीनचं दूध घेत असाल तर डब्यावर कॅल्शियम घातल्याचं लिहिलंय का पाहा. घातलेलं नसेल तर त्यात फारसं काही नसतं. घातलेलं असेल तर ते तळाशी बसतं, म्हणून ओतण्याआधी डबा नीट हलवा.

उदाहरणार्थ, एक पेला दूध ३००, एक वाटी दही २४०, बाकीचं जेवण २५०. झाले ७९०. तूट ४०० ची. म्हणजे ५०० ची एक गोळी पुरे, दोनची गरज नाही. उद्यापासून आणखी एक पेला दूध वाढवलंत तर गोळीचीही गरज उरणार नाही, आणि जमत असेल तर हाच मार्ग बरा.

पालकाच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. त्यात कॅल्शियम आहे, पण ऑक्झॅलेट या वनस्पतींतल्या घटकाने ते घट्ट धरून ठेवलेलं असतं. दुधातलं साधारण ३० टक्के शोषलं जातं, पालकातलं ५ टक्क्यांच्या आसपास. कोबी, ब्रोकोली यांत ही अडचण नाही. तिळातही ऑक्झॅलेट असतं, त्यामुळे तिळाचे मोठाले आकडे पुस्तकात वाचायला छान, शरीराला त्यातलं थोडंच मिळतं.

बाटलीवर १,२५० मि.ग्रॅ. लिहिलंय. ते फार झालं का?

लेबल जवळून वाचा. "कॅल्शियम कार्बोनेट १,२५० मि.ग्रॅ., एलिमेंटल कॅल्शियम ५०० मि.ग्रॅ." असं काहीसं असेल. पहिला आकडा पूर्ण क्षाराचा, दुसरा त्यातल्या कॅल्शियमचा. हिशेबात दुसराच धरायचा. कार्बोनेटमध्ये ४० टक्के कॅल्शियम असतं, सायट्रेटमध्ये २१, लॅक्टेटमध्ये १३ आणि ग्लुकोनेटमध्ये ९. म्हणजे "कॅल्शियम सायट्रेट १,००० मि.ग्रॅ." एवढंच छापलेलं असेल तर कॅल्शियम २१० मि.ग्रॅ. आहे. हजाराची गोळी म्हणून ती घेणारे पुष्कळ आहेत.

दुसरी खोच म्हणजे एका मात्रेत किती गोळ्या. पुढच्या बाजूला ठळक "६००" आणि मागे बारीक अक्षरात "एक मात्रा = २ गोळ्या". म्हणजे एका गोळीत ३००. तिसरी गोष्ट, त्याच गोळीत व्हिटॅमिन डी किती आहे ते वेगळं लिहून ठेवा. हाडांची गोळी, मल्टिव्हिटॅमिन आणि वेगळी डीची कॅप्सूल अशा तीन ठिकाणांहून येणारं डी कुणी एकत्र मोजतच नाही.

"प्रवाळ", "शिंपल्याचं", "नैसर्गिक" कॅल्शियम म्हणजे शेवटी कार्बोनेटच. हाडांची भुकटी आणि डोलोमाइट यांपासून बनवलेल्या गोळ्यांत शिसं सापडल्याचा जुना इतिहास आहे. त्या टाळलेल्या बऱ्या.

कार्बोनेट घ्यावं की सायट्रेट?

पोट ठीक असेल आणि जेवणाबरोबर घेता येत असेल तर कार्बोनेट. गोळ्या कमी लागतात. ते विरघळायला जठरातलं आम्ल लागतं, म्हणून जेवताना किंवा जेवण संपताच घ्यायचं. उपाशीपोटी घेतलं तर शोषण घटतं.

सायट्रेट तीन जणींसाठी: ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी रोज घेणारी, जठराची शस्त्रक्रिया झालेली, आणि कार्बोनेटने हमखास पोट फुगणारी किंवा बद्धकोष्ठ होणारी. ते जेवणाबरोबर किंवा एरवी, कधीही चालतं. तोटा एकच, गोळ्या मोठ्या आणि जास्त.

कोणताही क्षार असो, एका वेळी ५०० मि.ग्रॅ.पेक्षा जास्त कॅल्शियम घेऊ नका. मात्रा वाढली की शोषणाचं प्रमाण उतरत जातं. १,००० हवंच असेल तर सकाळ-संध्याकाळ विभागा, आणि ज्या जेवणात दूध-दही नाही त्याच्याबरोबर घ्या.

गोळी पोटात विरघळते की नाही याची शंका असेल तर घरच्या घरी पाहता येतं. लहान पेल्यात व्हिनेगर घ्या, गोळी टाका, दर पाच मिनिटांनी हलवा. अर्ध्या तासात तिचा चुरा व्हायला हवा. तशीच गुळगुळीत तळाशी पडून राहिली तर ब्रँड बदला. चघळायच्या गोळ्यांना ही परीक्षा लागू नाही, त्या दातांनीच फुटतात.

बद्धकोष्ठता होते. काय करावं?

मात्रा निम्मी करून दोन आठवडे पाहा, पाणी वाढवा, मग हळूहळू मूळ मात्रेवर या. तरी जमलं नाही तर सायट्रेटवर जा. लोहाची गोळीही चालू असेल तर दोषी बहुधा तीच असते. बद्धकोष्ठतेबरोबर खूप तहान, वारंवार लघवी, मळमळ, सुस्ती असेल तर हा पोटाचा विषय राहत नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असू शकतं. गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

व्हिटॅमिन डी किती आणि कसं?

रोज ६०० ते ८०० युनिट हा बहुतेक सल्ल्यांचा पाया आहे, सत्तरीनंतर ८००. ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम, म्हणून "२० मायक्रोग्रॅम" लिहिलेली गोळी म्हणजे ८०० युनिट. स्वतःच्या मनाने रोज ४,००० युनिटच्या वर जाऊ नका. डीच्या दोन रूपांपैकी डी२ पेक्षा डी३ रक्तात जास्त टिकतं. स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर घेतलं की नीट शोषलं जातं; नुसत्या चहाबरोबर घेण्यात अर्थ नाही.

तपासणी करायची तर २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ही. २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजेच ५० नॅनोमोल प्रति लिटर, हाडांसाठी बहुतेकांना पुरेसं असतं. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, असेल तर अनेक डॉक्टर ३० पर्यंत नेतात. अहवालावरचं एकक आधी पाहा. एकाच्या आकड्याला दुसऱ्याचं एकक लावलं की अडीचपट चूक होते, आणि "५०" पाहून कुणी निश्चिंत होतं तर कुणी उगाच घाबरतं. मात्रा सुरू केल्यावर तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासून उपयोग नाही, पातळी स्थिरावायला तेवढा काळ लागतो. स्थूल व्यक्तींना तीच पातळी गाठायला दुप्पट-तिप्पट मात्रा लागते.

आठवड्याला ६०,००० युनिटची मात्रा चालते का?

कमतरता भरून काढायला, ठरावीक आठवडे, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर. ६०,००० ला ७ ने भागलं की दिवसाचे साडेआठ हजार होतात. महिनोन्‌महिने, न तपासता घ्यायची ही मात्रा नव्हे.

धोका होतो तो एकाच शब्दाच्या चुकीने: "आठवड्याला" ऐवजी "रोज". बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असतात, ही एकच वेगळी, आणि पाकीट इतर पाकिटांसारखंच. महिनाभर रोज घेतली की १८ लाख युनिट पोटात. डी चरबीत साठतं, त्यामुळे चूक लक्षात येऊन गोळी थांबवली तरी रक्तातलं कॅल्शियम कित्येक आठवडे चढलेलं राहू शकतं आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. उपाय साधा आहे: एक वार ठरवा, पाकिटावर पेनने मोठ्या अक्षरात तो वार आणि शेवटची तारीख लिहा, आणि हे पाकीट रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवूच नका.

वर्षातून एकदाच मोठी मात्रा घेऊन मोकळं व्हावं असंही कुणाला वाटतं. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट देऊन पाहिलं. २०१० मध्ये निष्कर्ष आले: पडणंही वाढलं, फ्रॅक्चरही वाढली. जास्त डी म्हणजे जास्त मजबूत हाड, हेही खरं नाही. कॅनडातल्या तीन वर्षांच्या अभ्यासात रोज १०,००० युनिट घेणाऱ्यांच्या मनगटाजवळच्या हाडाची घनता ४०० युनिटवाल्यांपेक्षा कमी निघाली.

कॅल्सिट्रिऑल आणि अल्फाकॅल्सिडॉल या गोष्टी वेगळ्या. ती डीची सक्रिय रूपं, म्हणजे औषधंच. मूत्रपिंडाच्या आजारात किंवा पॅराथायरॉइड ग्रंथी निकामी असताना त्यांची गरज पडते. "ताकदवान व्हिटॅमिन डी" समजून ती घेऊ नयेत.

कॅल्शियमच्या गोळ्यांनी मुतखडा होतो, हृदयाला धोका असतो, हे खरं का?

मुतखड्याचं खरं आहे, पण ते गोळ्यांबाबत. आहारातलं कॅल्शियम उलट खड्यांपासून वाचवतं, कारण ते आतड्यातच ऑक्झॅलेटला बांधून ठेवतं. गोळी जेवणाबरोबर घेतली की तिचाही थोडा हाच उपयोग होतो. रात्री झोपताना उपाशीपोटी घेतली की होत नाही. पूर्वी खडा झाला असेल तर दूध कमी करू नका, गोळीबद्दल मात्र डॉक्टरांशी बोला. सायट्रेट अशांना सहसा बरं पडतं.

हृदयाबद्दल अजून वाद आहे. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात, व्हिटॅमिन डीशिवाय कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके सुमारे ३० टक्क्यांनी जास्त दिसले. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमध्ये तसं दिसलं नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिओपोरोसिस आणि हृदयविकार प्रतिबंधाच्या दोन संस्थांनी मिळून सांगितलं की आहार आणि गोळ्या मिळून वरच्या मर्यादेच्या आत राहिलं तर हृदयाला धोका मानायचं कारण नाही. आमच्या मते यातून व्यवहारात एकच गोष्ट ठरते: तुटीपुरतीच गोळी. तूट नसताना घेतलेल्या गोळीत फायदा शून्य आहे, मग छोटा का होईना, धोका कशाला पत्करायचा?

आणखी एक. आम्लपित्तावरच्या चघळायच्या काही गोळ्या म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच असतं. दिवसाला चार-सहा चघळत असाल तर त्याही हिशेबात घ्या.

व्हिटॅमिन के२ शिवाय कॅल्शियम रक्तवाहिन्यांत साठतं म्हणतात?

जाहिरातीत म्हणतात. के२ हाडातल्या ऑस्टिओकॅल्सिन या प्रथिनाला सक्रिय करतं हे खरं. त्यावरून पुढे रचलेला डोलारा मात्र कच्चा आहे. एमके-७ या रूपाच्या रोज १८० मायक्रोग्रॅम मात्रेने तीन वर्षांत मणका आणि मांडीच्या हाडाच्या मानेतली घट थोडी मंदावली, असं नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात आढळलं. संपूर्ण खुब्यात फरक नव्हता. दुप्पट मात्रेच्या वर्षभराच्या नॉर्वेतल्या अभ्यासात काहीच आढळलं नाही. जपानमध्ये एमके-४ ऑस्टिओपोरोसिसचं औषध म्हणून वापरतात, पण तिथली मात्रा दिवसाला ४५ मि.ग्रॅ., म्हणजे पूरक गोळीतल्या मायक्रोग्रॅमच्या कित्येक पट.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असाल तर के२ मनाने सुरूही करू नका आणि चालू असलेलं मनाने बंदही करू नका. दोन्ही वेळा रक्त गोठण्याचं गणित बिघडतं.

मॅग्नेशियम, बोरॉन, कोलॅजेन, सोया, स्ट्रॉन्शियम?

मॅग्नेशियमची दिवसाची गरज सुमारे ३२० मि.ग्रॅ. डाळी, दाणे, अख्खी धान्यं खाणाऱ्या बाईला ते मिळतं. दीर्घकाळ ओमेप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या किंवा लघवी वाढवणारी औषधं चालू असतील तर कमी पडू शकतं, आणि फार कमी पडलं तर रक्तातलं कॅल्शियमही घसरतं. गोळीतून ३५० च्या वर गेलात की बहुधा जुलाब होतील. मूत्रपिंड कमजोर असेल तर विचारल्याशिवाय नको.

बोरॉन: हाडांसाठी ठोस पुरावा नाही. पुढे चला.

कोलॅजेन पेप्टाइड रोज ५ ग्रॅम, वर्षभर, १३१ स्त्रिया अशा एका अभ्यासात घनता वाढलेली दिसली. अभ्यास लहान आहे आणि फ्रॅक्चर कमी होतात का हे त्यात तपासलेलं नाही. घ्यायचं तर घ्या, पण त्याला औषधाची जागा देऊ नका आणि जेवणातल्या प्रथिनांचीही नको.

सोयाबीनमधल्या आयसोफ्लेवोनचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. त्यांच्यावरून बनवलेलं इप्रिफ्लेवोन मात्र टाळाच. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात त्याने हाडांना फायदा झाला नाही आणि काही जणींत लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी घटल्या.

स्ट्रॉन्शियमबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे फसगत अहवालातच होते. स्ट्रॉन्शियमचा अणू कॅल्शियमपेक्षा जड. तो हाडात जाऊन बसला की क्ष-किरण जास्त अडवतो आणि डेक्साच्या, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या, यंत्राला घनता वाढल्यासारखी वाटते. त्यातली मोठी वाढ केवळ अणूच्या वजनाची असते. गोळी थांबवल्यावरही हा परिणाम लगेच जात नाही, म्हणजे पुढची काही वर्षं तुमचे अहवाल वाचणंच अवघड. स्ट्रॉन्शियम रॅनेलेट हे औषध होतं. हृदयविकाराच्या धोक्यामुळे युरोपात त्यावर कडक बंधनं आली. पूरक म्हणून विकलं जातं ते सायट्रेट, आणि त्याचे फ्रॅक्चरवरचे मोठे अभ्यास झालेले नाहीत. घेतच असाल तर डेक्सा करणाऱ्याला आधी सांगा.

व्हिटॅमिन ए हाडांना चांगलं की वाईट?

रेटिनॉल या रूपात जास्त झालं तर वाईट. कॉड लिव्हर ऑइल आणि मल्टिव्हिटॅमिन दोन्ही चालू असतील तर एकत्र मोजा; दिवसाला १,५०० मायक्रोग्रॅमच्या आत राहिलेलं बरं. गाजरातल्या बीटा कॅरोटीनला हे लागू नाही.

बाकीच्या औषधांबरोबर वेळा कशा बसवायच्या?

कॅल्शियम आतड्यात अनेक औषधांना चिकटून त्यांचं शोषण अडवतं. थायरॉइडची गोळी, लिव्होथायरॉक्सिन, आणि कॅल्शियम यांत चार तास हवेत. लोहाची गोळी दोन तास लांब. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. अलेंड्रोनेटसारखी हाडांची आठवड्याची गोळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर. मग किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही, कॅल्शियम तर नाहीच. एरवी अलेंड्रोनेट सगळं वाया जातं.

थायरॉइडची गोळी पहाटे, कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर, दुसरी मात्रा लागत असेल तर रात्रीच्या जेवणाबरोबर: एवढ्या मांडणीत बहुतेकींचं भागतं. सकाळच्या चहाबरोबर सगळ्या गोळ्या एका मुठीत घेतल्या की थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएचचा आकडा चढतो आणि मग थायरॉइडची मात्रा विनाकारण वाढवली जाते.

रक्तदाबासाठी थायझाइड गटातली गोळी चालू असेल तर मूत्रपिंड कॅल्शियम अडवून धरतं. वर कॅल्शियम आणि डी घेत असाल तर रक्तातलं कॅल्शियम अधूनमधून तपासा. हृदयाचं औषध डिगॉक्सिन चालू असेल तर ही तपासणी आणखी महत्त्वाची.

आणि केसा-नखांसाठी बायोटिनची मोठी मात्रा घेत असाल तर थायरॉइड किंवा पॅराथायरॉइड हॉर्मोनच्या तपासणीआधी प्रयोगशाळेला सांगा. काही पद्धतींत ते आकडे साफ चुकवतं.

गोळ्या नियमित घेऊनही डेक्सात घनता कमी आली. का?

पहिली शक्यता, ती खरोखर कमी झालेलीच नसेल. दोन मोजण्यांत ३ ते ५ टक्क्यांपर्यंतचा फरक यंत्राचा आणि झोपवण्याच्या पद्धतीचाही असू शकतो. त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर, निदान वर्षा-दोन वर्षांनी मोजलेलंच जुळवून पाहा. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी तुलना करून काढलेला आकडा, न पाहता ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर हा आकडा ताडा. मणक्यात संधिवाताच्या गाठी आल्या असतील तर घनता खोटी जास्त दिसते, तेव्हा खुब्याचा आकडा विश्वासाचा.

दुसरी शक्यता, पाळी जाऊन दोन-तीनच वर्षं झाली आहेत आणि इस्ट्रोजेनची झीज चालू आहे. ती गोळ्यांनी थांबणार नव्हतीच.

तिसरी शक्यता शोधायला रक्त तपासा: कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन, अल्कलाइन फॉस्फेटेज, टीएसएच, व्हिटॅमिन डी आणि गरजेनुसार पॅराथायरॉइड हॉर्मोन. अतिसक्रिय पॅराथायरॉइड किंवा थायरॉइड, ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा सीलिअ‍ॅक आजार, स्टिरॉइडच्या गोळ्या, स्तनाच्या कर्करोगानंतरची इस्ट्रोजेन घटवणारी अ‍ॅरोमाटेज इनहिबिटर औषधं, क्वचित मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोग, यांपैकी काही असेल तर कॅल्शियम वाढवून काहीच साधत नाही. पॅराथायरॉइडच्या आजारात तर रक्तातलं कॅल्शियम आधीच चढलेलं असतं.

ऑस्टिओपोरोसिसचं औषध सुरू झालं. आता कॅल्शियम बंद करू?

नाही. या औषधांच्या बहुतेक मोठ्या अभ्यासांत कॅल्शियम आणि डी सोबत दिलेलंच होतं. डेनोसुमॅब किंवा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडच्या इंजेक्शनआधी डीची कमतरता भरून काढणं तर आवश्यकच, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम अचानक घसरून बोटांना, ओठांभोवती मुंग्या आणि पेटके येतात. डेनोसुमॅबचं सहा महिन्यांचं इंजेक्शन "आता गोळ्या चालू आहेतच" म्हणून चुकवू नका. ते लांबलं की झीज उसळून येते आणि मणक्यांची एकापाठोपाठ फ्रॅक्चर होऊ शकतात.

उलट चूकही तेवढीच होते. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आहे, किंवा साध्या पडण्याने मनगट मोडलं आहे, आणि बाई तीन वर्षं फक्त कॅल्शियमवर. टी-स्कोअर उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असेल तर औषध लागेल की नाही हे वय, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांचा मोडलेला खुबा, स्टिरॉइड, धूम्रपान यांवरून ठरतं. डॉक्टर त्यासाठी फ्रॅक्स हे गणित वापरतात.

गोळ्यांशिवाय काय मोजून करता येईल?

प्रथिनं शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, ६० किलोच्या बाईला ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील. मीठ कमी: दर २,३०० मि.ग्रॅ. सोडियममागे सुमारे ४० मि.ग्रॅ. कॅल्शियम लघवीतून जातं.

व्यायामात नुसतं चालणं हाडाला थोडं पडतं. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लिफ्टमोर' अभ्यासात घनता कमी असलेल्या, रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास जड वजनं उचलली, पाच वेळा उचलण्याच्या पाच फेऱ्या, आठ महिने. मणक्याची घनता २.९ टक्क्यांनी वाढली; घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. कोणत्याही पूरक गोळीच्या जाहिरातीत न सापडणारा आकडा आहे हा. मात्र ते सगळं प्रशिक्षकाच्या नजरेखाली, हलक्या वजनापासून चढत जाऊन केलेलं होतं. मणक्याचं फ्रॅक्चर झालेलं असेल तर कंबरेतून वाकून वजन उचलणं नको.

गोळ्या किती वर्षं घ्यायच्या?

आहारात तूट असेल तोवर. थांबवल्यावर मिळालेली थोडी घनता दोनेक वर्षांत निघून जाते, म्हणून सहा महिने घेऊन सोडण्यात फारसं काही हाती लागत नाही. वर्षातून एकदा तीन दिवसांचा हिशेब पुन्हा करा. आहार सुधारला असेल तर मात्रा कमी करा.

कधी थांबून न राहता दाखवावं?

वाकताना, शिंकताना किंवा हलकीशी बादली उचलताना पाठीत अचानक कळ आली आणि ती बसल्यावर, उभं राहिल्यावर वाढते, आडवं झाल्यावर कमी होते. किंवा तरुणपणाच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटरहून जास्त उंची कमी भरते. मणक्याची बरीच फ्रॅक्चर न पडताच होतात आणि पाठदुखी समजून अंगावर काढली जातात. मणक्याचा बाजूने काढलेला साधा एक्स-रे पुरतो. उंची मोजताना चप्पल काढून, टाचा भिंतीला लावून, सकाळच्या वेळी मोजा. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाचीच एखाद सेंटिमीटर कमी भरते.